मिठामागून पाणी : मूत्रल औषधांची कहाणी



घोडबंदरचे नाव तुमच्या कानावर असेलच. ठाण्याहून पश्चिमेकडे जाणारा रस्ता त्याच नावाने ओळखला जातो. वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावरचे हे गाव. इथे घोडे उतरत, म्हणून घोडबंदर. पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. हा इतिहास शाळेत शिकवला जातो, त्यामुळे आज किल्ल्यावर चढायला नको. किल्ल्याखालच्या खाडीपाशीच थांबू या. या खाडीच्या पाण्यावर भाईंदरकडची मिठागरे पिढ्यान् पिढ्या पिकली. आता पूर्वीइतके मीठ तिथे पिकत नाही, पण जुन्या आगरी माणसाला विचारा, तो सांगेल की आगराचे सगळे गणित उघाडीवर असते. भरतीला उघाडी खोलायची, पाणी आत घ्यायचे, मग ती बंद करायची. पाणी किती घ्यायचे आणि कधी कोंडायचे, हे ज्याला कळले त्याचे मीठ पिकले.

मूत्रपिंडाचे काम समजायला मला या आगरापेक्षा चांगला दाखला सापडलेला नाही. फरक एवढाच, की आगरात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. देहात मात्र मीठ जिकडे जाईल तिकडे त्याच्या मागोमाग पाणी जाते. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक साधा प्रयोग करावा. काकडीच्या चकत्या करून त्यांवर मीठ भुरभुरावे आणि घटकाभर ठेवावे. बशीत पाणी सुटते. कोशिंबीर करताना घरोघर हे दिसते, पण त्याच नियमावर माणसाच्या पायाची सूज चढते आणि उतरते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

गावात ‘पाण्याची गोळी’ किंवा ‘लघवीची गोळी’ म्हणून जी ओळखली जाते, तिची आज ओळख करून घेऊ. पाय सुजले, दम लागला, रक्तदाब वाढला, की डॉक्टर ही गोळी देतात. ती पाणी ओढून बाहेर काढते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ती पाण्याला हात लावीत नाही. ती मिठाची वाट अडवते. एवढी गोष्ट कळायला माणसाला काही हजार वर्षे लागली, आणि त्यातले शेवटचे टप्पे बव्हंशी योगायोगाने हाती आले.

आधी मूत्रपिंड काय करते ते पाहू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक नलिका असतात. प्रत्येक नलिकेच्या तोंडाशी केसाहून सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो. विल्यम बोमन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हा गुंता आणि नलिका यांचा सांधा नीट दाखवला. त्याच सुमारास जर्मनीतील कार्ल लुडविग याने म्हटले की इथे रक्त नुसते गाळले जाते, आणि पुढे नलिकेतून कामाचे द्रव्य परत घेतले जाते. यावर पुष्कळ वर्षे वाद चालला. अखेर १९२४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रिचर्ड्स आणि वेर्न यांनी बेडकाच्या मूत्रपिंडात केसासारखी काचेची नळी घालून गाळलेला थेंब बाहेर काढला आणि तपासला. त्यात साखर होती, मीठ होते, पण रक्तातली प्रथिने नव्हती. शेवटी बाहेर पडणाऱ्या मूत्रात साखर नसते. म्हणजे वाटेत कोणीतरी ती परत घेतली होती. वाद मिटला.

आता आकडे ऐका. दिवसभरात आपली मूत्रपिंडे जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. त्यात मीठच सुमारे दीड किलो असते! आणि मूत्र होते दीड-दोन लिटर. बाकी सगळे नलिकांच्या भिंतींतून परत रक्तात येते. मीठ आधी आत घेतले जाते आणि पाणी त्याच्या मागून येते. नलिकेच्या पहिल्या भागात दोनतृतीयांश मीठ परत घेतले जाते. मग नलिका खाली उतरून पुन्हा वर वळते. १८६२ मध्ये याकोब हेन्ले याने या वळणाचे वर्णन केले, म्हणून त्याला हेन्लेचे वळण म्हणतात. तिथे आणखी चौथा हिस्सा परत येतो. पुढच्या भागात पाच-सात टक्के आणि अगदी शेवटी उरलेसुरले. प्रत्येक ठिकाणची दारे निराळी आहेत. आगराच्या भाषेत म्हणायचे तर एकाच पाण्याच्या वाटेवर चार जागी चार प्रकारच्या उघाड्या.

मग सूज का येते? हृदय थकले, की मूत्रपिंडाकडे रक्ताचा जोर कमी पोचतो. मूत्रपिंडाला वाटते, देहात दुष्काळ पडला! ते बिचारे इमानाने मिठाचा कण न् कण साठवू लागते. मिठामागे पाणी येते. ते पायांत उतरते, पोटात साचते, फुप्फुसात चढते. नऊ ग्रॅम मीठ अंगात अडकले, की साधारण एक लिटर पाणी त्याच्यासाठी अडकून राहते. नऊ ग्रॅम म्हणजे जेमतेम दीड चहाचा चमचा. सूज आलेल्या माणसाला वैद्य-डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, ते उगीच नव्हे.

आपल्याकडे सुजेवर मूत्र वाढवणारी औषधे द्यावीत हे फार जुने ज्ञान. चरकसंहितेत ‘मूत्रविरेचनीय’ म्हणून दहा वनस्पतींचा एक गणच सांगितला आहे. त्यात गोखरू म्हणजे आपल्या रानातला सराटा आहे, पाषाणभेद आहे, दर्भ, कुश, काश ही गवते आहेत. शिवाय पुनर्नवा, तिला आपल्याकडे घेटुळी म्हणतात. पावसाळ्यात बांधावर, पडीक जमिनीत ती पसरते, उन्हाळ्यात वाळते आणि मूळ जिवंत राहून पुन्हा फुटते, म्हणून पुनर्नवा. तिचे दुसरे नाव शोथघ्नी, सूज मारणारी. तिच्याकडे आपण मागाहून पुन्हा येऊ.

युरोपातही असेच झाडपाल्याचे उपाय चालत. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरपाशी १७७५ मध्ये जलोदरावरचा एक घरगुती उतारा आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली खरी कामाची एकच, डिजिटॅलिस, हे त्याने ओळखले आणि दहा वर्षे रुग्णांवर पारख करून १७८५ मध्ये पुस्तक लिहिले. त्याच्या डोळ्यांसमोर मूत्र वाढत होते, सूज उतरत होती. पण हे औषध मुख्यतः हृदयाला बळ देते. हृदय सुधारले, की मूत्रपिंडाचा दुष्काळाचा भ्रम जातो. म्हणजे परिणाम एका अवयवावर दिसला आणि करणी दुसऱ्याची होती. वैद्यकाच्या इतिहासात असे वारंवार झाले आहे, आणि त्यात विदरिंगला कमी लेखण्याचे काही कारण नाही. त्याने फसलेले रुग्णही लपवले नाहीत.

आता १९१९ सालच्या व्हिएन्नाला चला. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले, शहरात टंचाई. तिथल्या एका रुग्णालयात आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी काम करीत होता. त्याच्या देखरेखीखाली जन्मजात उपदंशाने आजारी असलेली एक तरुण मुलगी होती. उपदंशावर त्या काळी पारा देत. नेहमीचे औषध मिळण्यात अडचण आली, म्हणून त्याने नोव्हासुरोल नावाचे पाऱ्याचे नवे इंजेक्शन वापरून पाहिले. रोगावर त्याचा फार गुण आला असे नाही. पण तिथल्या परिचारिका मोठ्या शिस्तीच्या. रोज किती मूत्र झाले, हे त्या तक्त्यावर रेघ ओढून दाखवीत. इंजेक्शनच्या दिवशी ती रेघ एकदम वर गेली, दुसऱ्या दिवशी खाली आली. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा वर. फोग्लने मग हृदयविकाराने सुजलेल्या रुग्णाला ते दिले आणि लिटरच्या लिटर पाणी उतरले. पुढच्याच वर्षी सॅक्सल आणि हायलिग या तिथल्या डॉक्टरांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली.

माझ्या मते या शोधाचे निम्मे श्रेय त्या परिचारिकांचे आहे. त्यांची नावे कोठे नोंदलेली मला आढळली नाहीत. रेघ ओढली नसती, तर पाऱ्याचा हा गुण कदाचित आणखी कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आला नसता.

पुढची तीसेक वर्षे सुजेच्या रुग्णाला पाऱ्याची इंजेक्शने हाच मोठा आधार होता. पण पारा तो पारा. तो विषारी, मूत्रपिंडालाच इजा करू शकणारा, शिवाय टोचून घ्यावा लागणारा. खेड्यातल्या माणसाने आठवड्यातून दोनदा सुईसाठी कोठवर जावे?

सुटका झाली तीही अशीच आडवाटेने. १९३० च्या दशकात सल्फाची औषधे आली. जखमा, न्युमोनिया, ताप यांवर ती रामबाण ठरली. सल्फानिलामाइड घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात आम्लता वाढते, हे १९३७ मध्ये दिसले. १९४० मध्ये केंब्रिजच्या मान आणि काइलिन यांनी त्याचे कारण शोधले. शरीरातील एका विकराचे काम हे औषध बंद पाडते. तो विकर मूत्रपिंडातही असतो आणि मीठ परत घेण्याच्या कामी येतो. बोस्टनचे डॉ. विल्यम श्वार्त्झ यांनी १९४९ मध्ये हृदयविकाराच्या तीन रुग्णांना जाणूनबुजून सल्फानिलामाइड दिले. मूत्रातून सोडियम अधिक गेले, सूज उतरली. पण एवढ्या मोठ्या मात्रेत ते औषध घातक होते, म्हणून श्वार्त्झ यांना थांबावे लागले. मात्र दार कोठे आहे, ते जगाला कळले.

तिथून अमेरिकेतल्या मर्क शार्प अँड डोम कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल बायर, जेम्स स्प्रेग, जॉन बेअर आणि फ्रेडरिक नोव्हेलो या चौघांनी सूत्र उचलले. बायर यांचा हट्ट एकच होता, की सोडियमबरोबर क्लोराइडही गेले पाहिजे, म्हणजे सरळ खाण्याचे मीठच बाहेर पडले पाहिजे. सल्फाच्या रेणूत फेरफार करता करता नोव्हेलो यांच्या हाती एक अनपेक्षित द्रव्य लागले. तेच क्लोरोथायाझाइड. १९५७ मध्ये ते जाहीर झाले आणि १९५८ मध्ये दुकानांत आले. तोंडाने घेण्याची, स्वस्त, बिनपाऱ्याची गोळी! १९७५ मध्ये या चौघांना लास्कर पारितोषिक मिळाले. पाठोपाठ १९६० च्या दशकात जर्मनीतील होक्स्टच्या प्रयोगशाळेतून फ्युरोसेमाइड आले. लासिक्स या नावाने तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ते आले असेल. त्याचा जोर साधारण सहा तास टिकतो, म्हणून ते सकाळी घ्यायला सांगतात. रात्री घेतले तर झोपेचे खोबरे.

ही औषधे नेमकी कोठे बसतात? फ्युरोसेमाइड हेन्लेच्या वळणाची वर चढणारी बाजू अडवते. तिथे मिठाचा चौथा हिस्सा परत येत असतो, म्हणून हे औषध फार जोरकस. फुप्फुसात पाणी भरून माणूस गुदमरू लागला, की शिरेतून हेच देतात. थायाझाइड त्याच्या पुढचे दार अडवते. तिथे मीठ थोडे, म्हणून परिणामही सौम्य, पण दीर्घ टिकणारा. आणि गंमत पाहा. ही औषधे नको असलेली वस्तू म्हणून मूत्रपिंड स्वतःच रक्तातून उचलून नलिकेत फेकते. तीच वस्तू प्रवाहाबरोबर पुढे जाते आणि दाराला आतून कडी घालते. ज्याची मूत्रपिंडे कमजोर झाली आहेत, त्याच्या नलिकेत औषध कमी पोचते. म्हणून अशा रुग्णाला डॉक्टर मोठी मात्रा देतात. शेजाऱ्याची मात्रा आपल्याला चालत नाही, ती यामुळे.

थायाझाइड ज्या दाराला कडी घालते, ते दार म्हणजे प्रत्यक्षात कोणते प्रथिन, हे १९९३ पर्यंत हाती आले नव्हते. ते सापडले एका माशाच्या मूत्राशयात. अटलांटिक समुद्रात आपल्याकडच्या लेपासारखा एक चपटा मासा असतो. त्याच्या मूत्राशयात ही दारे भरपूर. हेरार्दो गाम्बा या मेक्सिकन संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह त्यातून त्या प्रथिनाचा आराखडा काढला, आणि माणसातले दारही त्याच घाटाचे निघाले.

हे झाले सुजेचे. रक्तदाबाची गोष्ट आपल्या मुंबईतून जाते. १९४० च्या दशकात रक्तदाब फार चढला तर डॉक्टरांच्या हाती थोडेच उपाय होते. अमेरिकेत डॉ. वॉल्टर केम्पनर रुग्णांना जवळजवळ बिनमिठाचा भात आणि फळे एवढ्यावर ठेवीत. दाब उतरे, पण असे जेवण महिनोन् महिने कोण जेवणार? आपण भात खाणारी माणसेसुद्धा जेवणार नाही. त्याच दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. रुस्तुम जाल वकील सर्पगंधेचा अभ्यास करीत होते. सर्पगंधा ही आपल्या वैद्यांची जुनी मुळी. १९४९ मध्ये त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पन्नास रुग्णांवरचा आपला अनुभव छापला, आणि जगाचे डोळे या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातले रिसर्पिन स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले.

दाब उतरवल्याने माणूस खरोखर अधिक जगतो का, हा प्रश्न मात्र तरीही उभा होता. वाढलेला दाब हीच शरीराची गरज असते, तो उतरवू नये, असे म्हणणारे नामांकित डॉक्टर होते. त्याचे उत्तर १९६७ मध्ये मिळाले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुष निवडले. त्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. ७३ जणांना थायाझाइड, रिसर्पिन आणि हायड्रॅलाझिन अशी तीन औषधे दिली. ७० जणांना त्याच रूपाच्या पोकळ गोळ्या. सरासरी दोन वर्षे पुरी व्हायच्या आत पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले, त्यात चार मृत्यू. औषधाच्या गटात असे फक्त दोन, आणि मृत्यू एकही नाही. जगाला पटवणाऱ्या त्या प्रयोगात मिठाचे दार अडवणारी गोळी आणि वकिलांनी जगापुढे मांडलेल्या मुळीचा अर्क शेजारी शेजारी होते. रिसर्पिनने काही जणांचे मन खिन्न होते, म्हणून ते पुढे मागे पडले. थायाझाइडाच्या घराण्यातली औषधे मात्र टिकली. २००२ मध्ये तेहतीस हजारांवर रुग्णांची मोठी तुलना प्रसिद्ध झाली. तीत क्लोरथॅलिडोन हे याच जातीचे जुने, स्वस्त औषध कितीतरी महागड्या नव्या औषधांच्या तोडीस तोड ठरले.

आता घरातल्या दोन गोष्टी. पहिली मिठाची. गोळीचा जोर ओसरला, की मूत्रपिंड गमावलेले मीठ भरून काढायला टपलेले असते. दुपारी लोणचे, पापड, खारवलेली मासळी पानात आली, तर सकाळी घालवलेले मीठ संध्याकाळपर्यंत परत जागेवर! मग माणूस म्हणतो, गोळी लागू पडत नाही, आणि ती आपल्या मनाने सोडतो किंवा दुप्पट करतो. दोन्ही वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे निरोगी प्रौढ माणसालादेखील दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरे आहे.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. ही दारे अडवली, की नलिकेच्या शेवटच्या टोकाला मीठ जास्त पोचते. तिथले दार देवाणघेवाणीवर चालते. ते सोडियम आत घेते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. त्यामुळे फ्युरोसेमाइड किंवा थायाझाइड घेणाऱ्याच्या अंगातले पोटॅशियम कमी होऊ शकते. पायांत गोळे येतात, गळाठा येतो, हृदयाचे ठोके चुकतात. या शेवटच्या दारावर अल्डोस्टेरोन नावाच्या संप्रेरकाचा हुकूम चालतो. ते १९५३ मध्ये सापडले आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याचा हुकूम मोडणारे स्पायरोनोलॅक्टोन आले. हे मीठ थोडे घालवते, पण पोटॅशियम राखते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदय फार थकलेल्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे तीस टक्क्यांनी कमी केल्याचे दिसले.

मात्र इथे उलट धोका असतो. पोटॅशियम वाढले, तरी हृदय थांबू शकते, विशेषतः मूत्रपिंडे कमजोर असतील तर. आपल्या किनाऱ्यावर आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. फ्युरोसेमाइड घेणाऱ्या एखाद्याला ते चालेल, स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या दुसऱ्याला ते बाधेल, आणि कोणाला काय, हे रक्त तपासल्यावाचून कळत नाही.

घेटुळीचेही तसेच. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात पुनर्नवेची शास्त्रीय तपासणी केली. तिच्यात त्यांना एक क्षारद आढळले, त्याला पुनर्नवीन हे नाव मिळाले. आणि त्याबरोबर आढळला पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा, बऱ्याच प्रमाणात. तेव्हा घरात कोणी डॉक्टरांची पाण्याची गोळी घेत असेल आणि कोणी जाणत्याने घेटुळीचा काढाही दिला असेल, तर दवाखान्यात जाताना काढ्याची गोष्ट लपवू नका. तोंडाने सांगायला संकोच वाटला, तर मुळी पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.